मार्सेय सेफ आहे का? बाबांना आठ जुलैलाच जायचंय!

या महिन्यात प्रवासाचे जेवढे प्रश्न आले त्यातले निम्मे फ्रान्सचे आणि फ्रान्सचे जवळपास सगळे मार्सेयचे. का, ते पहिलं पत्र वाचलंत की कळेलच. स्वित्झर्लंडच्या रेल्वे पासवाल्यांनी थोडं थांबा, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं जुलैत फ्रान्सला जातोय, मी, मिस्टर, मुलगी (वय १३) आणि माझे बाबा (वय ७४). पॅरिसला ५ दिवस आणि मग मार्सेयला ३ रात्री. मार्सेय फक्त बाबांसाठी ठेवलंय, आम्ही मूळचे भगूरजवळचे, सावरकरांनी उडी मारली ते बंदर त्यांना बघायचंय आणि तेही ८ जुलैलाच, तारीख सोडायला तयार नाहीत. आता झालंय असं की दिरांनी फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला, मार्सेयमध्ये गोळीबार, युरोपातलं सगळ्यात डेंजर शहर वगैरे. मी एका साइटवर बघितलं तर तिथेही युरोपच्या यादीत मार्सेय अगदी तळाला. मिस्टर म्हणतायत कॅन्सल करू आणि नीसला जाऊ, बाबा रुसून बसलेत. हॉटेल बुक झालंय, स्टेशनजवळ, छान स्वस्तात मिळालं, पत्ता सोबत देतेय. खरं काय ते सांगा, सेफ आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कॅन्सल करू नका. हॉटेल मात्र बदला.

का ते सांगते, जरा लांबण लागेल. मी दोन वर्षं एक्सला राहिले, एक्स म्हणजे मार्सेयपासून अर्ध्या-पाऊण तासावरचं गाव, आणि दर एक-दोन शनिवारी कोथिंबीर-हिरव्या मिरच्यांसाठी मार्सेयला खेप असायचीच, त्यामुळे हे शहर मला टुरिस्टासारखं नाही तर बाजाराची पिशवी घेऊन माहितीये. मला ते आवडतं हेही आधीच सांगून टाकते म्हणजे माझं उत्तर वाचताना तुम्ही तेवढं वजा करून वाचाल.

आधी दिरांचा व्हिडिओ. त्यातली गोष्ट खोटी नाहीये. ड्रग्जच्या धंद्यावरून मार्सेयमध्ये खून पडतात आणि २०२३ हे सगळ्यात वाईट वर्ष गेलं, योदा आणि डीझेड माफिया अशा दोन टोळ्यांच्या मारामारीत त्या एका वर्षात ४९ माणसं गेली. तिथल्या सरकारी वकिलांनी तर ह्या प्रकारासाठी वेगळा शब्दच काढला, नार्कोमिसीद, म्हणजे नार्को आणि होमिसाइड एकत्र. पण कुठे आणि कोण मेलं हे व्हिडिओत सांगत नाहीत. बहुतेक सगळं घडतं ते शहराच्या उत्तरेकडच्या उंच उंच बिल्डिंगांच्या वसाहतींत, ज्यांना तिकडे कार्तिए नोर म्हणतात, तिथे जिन्याखाली विक्री चालते, कॉलनीच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून एक पोरगं बसलेलं असतं, पोलिस दिसले की ते ‘आरा!’ म्हणून ओरडतं आणि आतले पांगतात. मरणारे बहुतेक धंद्यातलेच, पोरसवदा, विशी-पंचविशीतले. तुम्ही चौघं तिथे कशाला जाल? बघायला काही नाही, जेवायला काही नाही, आणि जुन्या बंदरापासून ते लांब आहे.

आता कुणी म्हणेल धंद्यात नसलेलं कुणी मेलंच नाही का, तर मेलं, सप्टेंबर २०२३ मध्ये २४ वर्षांची एक विद्यार्थिनी स्वतःच्या खोलीत असताना भरकटलेली गोळी लागून गेली आणि ती वसाहत तर उत्तरेकडची नव्हतीच. म्हणून शून्य धोका असं मी लिहून देणार नाही. पण तुमच्या तीन रात्रींच्या हिशोबात ही भीती धरायची असेल तर मग पॅरिसचा एअरपोर्ट ते हॉटेल हा टॅक्सीचा प्रवास पण धरायला लागेल.

जे खरंच होऊ शकतं ते वेगळंच आहे आणि त्याचा व्हिडिओ कुणी ग्रुपवर टाकत नाही. माझा अनुभव सांगते. मी मेट्रोत दाराजवळच्या सीटवर बसून आईशी व्हॉट्सअॅप कॉलवर बोलत होते, साबुदाणा भिजत घालण्यावरून काहीतरी चाललं होतं, दारं बंद व्हायचा भोंगा वाजला आणि त्याच क्षणी समोर उभा असलेला शाळकरी दिसणारा मुलगा, पाठीला दप्तरसुद्धा, माझ्या हातातून फोन अलगद उचलून बाहेर. दार बंद, गाडी सुरू. काचेतून तो मला दिसत होता, पळत नव्हता हो, चालत होता! आई बिचारी तिकडे हॅलो हॅलो करत बसली. मला ओरखडाही आला नाही पण बँक, तिकिटं, फोटो सगळं गेलं आणि चौकीत तक्रार लिहून घेईपर्यंत अख्खी दुपार गेली. मार्सेयमध्ये टुरिस्टावर आलेलं संकट म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा हे असतं, फोन नाहीतर पाकीट, गळ्यातली चेन, भाड्याच्या गाडीची फुटलेली काच.

तर मग ‘शहर सेफ आहे का’ असं विचारून काही हाती लागत नाही, मुंबई सेफ आहे का म्हटलं तर तुम्ही काय सांगाल? कुठे राहताय, किती वाजता फिरताय, हातात काय आहे आणि सोबत कोण आहे, एवढं सांगितलंत तरच कुणी धड उत्तर देऊ शकेल.

साइटवरच्या नंबराचं पण सांगते कारण ह्या आकड्यांनी लोकांचे प्लॅन मोडतात. तुम्ही बघितलीत ती बहुतेक नंबिओ असणार. तिथला क्राइम इंडेक्स हा पोलिसांच्या नोंदींवरून काढत नाहीत, साइटवर येणारे लोक फॉर्म भरतात, तुम्हाला रात्री एकटं चालताना भीती वाटते का, चोरीची काळजी वाटते का, त्या उत्तरांची ती बेरीज. म्हणजे भीतीचं माप आहे ते, गुन्ह्याचं नाही. आणि भीती बातम्यांवर वाढते, दिरांसारखे व्हिडिओ बघून फॉर्म भरणारेही त्यात असणारच की! पोलिसांच्या आकड्यांत वेगळीच गंमत. फ्रान्सचं गृहखातं गावागावाचे आकडे छापतं, चोऱ्या किती, घरफोड्या किती, पण दर काढताना भागतात ते तिथे राहणाऱ्या लोकसंख्येने, आता जिथे टुरिस्टच लाखांनी येतात तिथे पाकिटं टुरिस्टांची मारली जातात आणि भागाकार मात्र गावकऱ्यांच्या डोक्यावर, त्यामुळे आकडा फुगलेलाच दिसणार. म्हणून मी आकडे एका शहराचे मागच्या वर्षीशी ताडून बघते, दोन शहरं एकमेकांशी नाही.

आता हॉटेल. मार्सेयचा पिनकोड ही माझी आवडती युक्ती आहे. शहराचे १६ भाग आहेत आणि पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे त्या भागाचा नंबर, १३००१ म्हणजे पहिला, १३००८ म्हणजे आठवा, १३०१५ म्हणजे पंधरावा. उत्तरेकडच्या ज्या वसाहतींबद्दल वर लिहिलं त्या मुख्यतः १३, १४, १५, १६ मध्ये, आणि स्टेशनच्या मागे लागून जो तिसरा भाग आहे तो शहरातल्या सगळ्यात गरीब वस्त्यांपैकी एक. तुमच्या हॉटेलच्या पत्त्याखाली बघा, १३००३ लिहिलंय. छान स्वस्तात का मिळालं ते कळलं ना?

पण पिनकोड म्हणजे काही देववाणी नाही. १६ मध्येच लेस्ताक नावाचं समुद्रकाठचं गाव येतं, सेझाननं जिथे बसून चित्रं काढली ते, तिथे दिवसा लोक मजेत पानिस खायला जातात. (पानिस म्हणजे काय तर हरभऱ्याचं पीठ शिजवून थापायचं, काप करायचे आणि तळायचे, आपली पाटवडीच की, फक्त तिखट नसलेली. बाबांना खायला घाला, शाकाहारी माणसाचा तिकडे फार आधार आहे.) उलट पहिल्या भागात जुनं बंदर आहे, जे चकाचक आहे, आणि त्याच १३००१ मध्ये पाच-सात मिनिटांवर नोआय आणि बेल्सॅन्स, जिथे दिवसा बाजार आणि रात्री अकरानंतर रिकाम्या गल्ल्या. नोआयच्या जवळच र्यू दोबान्य रस्त्यावर ५ नोव्हेंबर २०१८ ला दोन जुन्या इमारती कोसळून ८ जणं गेली, तेव्हापासून त्या भागात डागडुजी आणि रिकामी केलेली घरं असं बरंच आहे. तेव्हा भाग ठरला की गल्ली बघायची. मॅपवर हॉटेल उघडा, स्ट्रीट व्ह्यू लावा, फोटो कुठल्या वर्षीचा आहे ते कोपऱ्यात असतं ते बघा, आणि मेट्रो स्टेशनपासून हॉटेलच्या दारापर्यंत बोटाने चालत जा. तळमजल्याला बेकरी, औषधाचं दुकान, कॅफे असं काही चालू असलं तर रात्री जाग असते. सलग पंधरा शटरं बंद असली तर हॉटेल कितीही गोड असो, सोडा.

मग रिव्ह्यू वाचा पण ‘रूम क्लीन, स्टाफ नाइस’ वाले नाहीत, सर्चमध्ये ‘नाइट’ आणि ‘नेबरहुड’ टाका आणि गेल्या सहा महिन्यांतलेच वाचा. त्यातही एक चाळणी लावा. कुणी लिहिलं की माझी बॅग ओढली, गाडी फोडली, तर ते धरायचं. कुणी नुसतंच लिहिलं की ‘इथे अनसेफ वाटलं, सगळे आफ्रिकन आणि अरबच दिसत होते’ तर ते त्या लिहिणाऱ्याबद्दल आहे, गल्लीबद्दल नाही. आपली मंडळीही असं बिनदिक्कत लिहितात, मला वाचून लाज वाटते. दोन हजार सहाशे वर्षांपूर्वी ग्रीक खलाशांनी वसवलेलं बंदर आहे ते, तिथे बाहेरची माणसं दिसणार नाहीत तर कुठे दिसणार.

तुमच्यासाठी मी म्हणेन जुन्या बंदराच्या अगदी लगत, किंवा प्रेफेक्त्युर आणि कास्तेलान ह्या मेट्रो स्टेशनांच्या आसपास, म्हणजे सहावा भाग, किंवा मग समुद्रकाठचा सातवा-आठवा. बाबा आहेत म्हणून एक, सँ शार्ल स्टेशनच्या पुढचा तो फोटोतला भव्य जिना १०४ पायऱ्यांचा आहे, तो वरून फक्त बघायचा, दर्शन घ्यायचं आणि बॅगा घेऊन आतूनच सरकत्या जिन्याने मेट्रोत उतरायचं, एक नंबरच्या लाइनवर जुनं बंदर दुसरंच स्टेशन आहे. टीजीव्हीमध्ये, म्हणजे तिकडच्या वेगवान ट्रेनमध्ये, मोठ्या बॅगा दाराजवळच्या रॅकवर ठेवायला लागतात, पॅरिसहून तीन तासांचा प्रवास आहे, मधे गाडी थांबली की एकाने उठून बॅगांकडे बघून यायचं, बस्स. आणि हॉटेलला एसी आहे का ते आत्ताच विचारा, गृहीत धरू नका, जुलैत मार्सेय तापतं.

आता खरं म्हणजे जुलैतला जो धोका आहे तो चोरांचा नाहीच, आगीचा आहे, आणि हे मला कुणीच विचारत नाही! शहराच्या भोवती कोरडे पाइन आणि खुरट्या झुडपांचे डोंगर, त्यात मिस्त्राल म्हणून उत्तरेचा वारा सुटतो, ठिणगी पुरते. मागच्याच वर्षी, २०२५ मध्ये, शेजारच्या गावात लागलेली आग वाऱ्याबरोबर मार्सेयच्या उत्तरेकडच्या वस्त्यांपर्यंत आली, एअरपोर्ट बंद ठेवायला लागला, रेल्वे थांबल्या, लोकांना सांगितलं दारंखिडक्या लावून घरात बसा. तारीख माहितीये कोणती होती? ८ जुलै. बाबांना सांगू नका, नाहीतर सांगाच, त्यांना आवडेल.

तेव्हा त्या दिवशी परतीचं विमान किंवा ट्रेन ठेवू नका, एक दिवस मोकळा ठेवा. मोठं काही झालं तर त्या भागातल्या सगळ्या मोबाइलवर सरकारी अलर्ट मोठ्या आवाजात वाजतो, मेसेज फ्रेंचमध्ये असेल, मुलीला सांगून ठेवा स्क्रीनशॉट काढून ट्रान्सलेट करायचा, ती पोरं आपल्यापेक्षा पटकन करतात.

आणि आता बाबांचं बंदर. इथे एक गोष्ट जपून सांगायला लागेल. जुनं बंदर, जिथे सगळे टुरिस्ट फोटो काढतात आणि होड्या डुलत असतात, ती उडीची जागा नाही. मोठ्या आगबोटी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उत्तरेकडच्या जोलिएतच्या बाजूच्या नव्या गोद्यांमध्ये लागायला लागल्या, त्यामुळे सावरकरांच्या ‘मोरिया’ बोटीचा मागोवा घ्यायचा तर त्या बाजूला. आज तिथून कॉर्सिका आणि अल्जीरियाच्या फेरी सुटतात, बंदराच्या कुंपणाच्या आत तिकीट नसलेल्याला सोडत नाहीत, पण समोरच्या तेरास द्यु पोर मॉलला समुद्रावर लांबलचक गच्ची आहे, तिथे उभं राहिलं की धक्का, जहाजं आणि पाणी सगळं समोर. मॉल आहे म्हणून बाबा नाक मुरडतील, पण बसायला बाक, सावली, स्वच्छ टॉयलेट आणि सिक्युरिटी, ७४ वर्षांच्या माणसाला अजून काय हवं. तिथून म्युसेम म्युझियम चालत आहे, बाबांना चालवत नसेल तर टॅक्सी, तिथे गच्चीवर आणि पलीकडच्या फोर सँ जाँ किल्ल्यावर जायला तिकीट लागत नाही, बंदराचं तोंड तिथून दिसतं. १९१० साली एक माणूस पोर्टहोलमधून अंग सोलवटून घेत खाली पडला, पोहत धक्क्याला लागला आणि धावत सुटला ते पाणी नुसतं बघायला सुद्धा पुष्कळ आहे. पकडलं ते फ्रेंच पोलिसानंच आणि परत इंग्रजांच्या हवाली केलं, मग त्यावर हेगच्या लवादात केस उभी राहिली, २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला की पकडण्यात चूक झाली खरी पण इंग्लंडने कैदी परत द्यायची गरज नाही! हे मुलीला तिथे उभं राहून बाबांनी सांगू दे, गाइड लागणार नाही.

वेळ असेल तर नवव्या भागातली माझार्गची युद्धस्मशानभूमी पण करा. पहिल्या महायुद्धात सप्टेंबर १९१४ पासून हिंदी फौजा मार्सेयलाच उतरल्या, त्यातल्या अनेकांची स्मृती तिथे आहे, फेब्रुवारी २०२५ मध्ये आपले पंतप्रधान आणि मॅक्रॉन तिथे जाऊन आले. दक्षिणेकडचा शांत भाग आहे, जाऊन-येऊन निवांत.

जुलैत सव्वानऊपर्यंत उजेड असतो. जेवून साडेदहाला हॉटेलवर आलात तरी रस्त्यावर भरपूर माणसं असतात. मिस्टरांना सांगा नीसलाही पाकीटमार आहेत.

प्रश्न : ताई, मी ल्यॉंला मास्टर्स करतेय, आम्ही तिघी मुली वीकेंडला मार्सेयला जायचं म्हणतोय. हॉस्टेल घेऊ, रात्री पण फिरायचंय. घरी सांगितलेलं नाहीये. मुलींसाठी कसं आहे? – एक विद्यार्थिनी

उत्तर : घरी सांग आधी. भीती म्हणून नाही गं, तुझा फोन गेला तर पहिला मेसेज कुणाला जाणार आहे ते ठरलेलं असावं म्हणून.

दिवसा तिघी कुठेही फिरा, पानिएच्या उतरत्या गल्ल्या, नोआयचा बाजार, कूर ज्युलियँची रंगवलेली भिंत न् भिंत. नोआयला मेट्रोतून वर आलीस की पाच-सहा जण पुटपुटत उभे असतात ‘मार्लबोरो, मार्लबोरो’, नवीन माणसाला वाटतं आपल्याला काहीतरी बोलतायत, तर ते चोरट्या सिगरेटी विकतायत, मान हलवायची आणि पुढे. शिट्ट्या आणि ‘मादमुआझेल’ ऐकू येईल, राग येतो पण बहुतेक तेवढ्यावरच राहतं, उत्तर द्यायला थांबायचं नाही. रात्री कूर ज्युलियँला बारपाशी गर्दी असते तोवर ठीक, पण तिथून स्टेशनकडे किंवा बेल्सॅन्सकडे बारा-एक वाजता चालत यायचं नाही, पाच मिनिटांचंच आहे असं मॅप म्हणतो तेव्हा सुद्धा नाही, तिघींत मिळून उबर किंवा बोल्ट करा, गाडीचा नंबर बघून बसा. परतीची ट्रेन पहाटेची घेऊ नका, स्टेशनच्या दारात चारला उभं राहण्यात काही शहाणपण नाही. व्हेलोड्रोमला मॅच आहे का तेही बघून घे, पॅरिसशी असेल तर त्या रात्री सगळं शहर पेटलेलं असतं, तुला फुटबॉल आवडत असेल तर त्याहून भारी काही नाही, नसेल तर वीकेंड बदल.

कलांक करणार असाल (समुद्रात घुसलेले पांढरे कडे, रील्समध्ये बघितलेच असशील) तर १ जून ते ३० सप्टेंबर रस्ते रोज उघडे असतीलच असं नाही, आगीचा धोका बघून आदल्या संध्याकाळी ठरतं, ‘मे कलांक’ नावाचं अॅप आहे. सुजितोंला तर उन्हाळ्यात आधी फुकटचं बुकिंग लागतं, दिवसाला चारशेच माणसं सोडतात. पाणी माणशी दोन लिटर, वर कुठेही नळ नाही. सँडलवर जाऊ नका, घसरतं.

प्रश्न : आम्ही दोघं ग्रुप टूरने चाललोय, त्यात मार्सेय एक दिवस आहे. टूरवाले म्हणतात मंगळसूत्र काढून ठेवा, सासूबाई म्हणतात काढायचं नाही. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : सासूबाईही राहतील आणि सोनंही राहील असं करा, काळ्या मण्यांचं साधं घालून जा, सोन्याचं घरी लॉकरला. चेन ओढून न्यायचा प्रकार फ्रान्समध्ये मोठ्या शहरांत आहे, सोन्याचा भाव बघता वाढायचंच आणि ओढणारा पोरगा हे सौभाग्याचं लेणं आहे का साधी चेन हे बघत नाही. ओढताना मानेला इजा होते ती वेगळी, म्हणून कुणी ओढलंच तर धरून ठेवू नका. हॉटेलच्या तिजोरीत ठेवू असं म्हणत असाल तर ग्रुप टूरमध्ये सकाळी सहाला बॅगा भरायच्या गडबडीत तिजोरीतलं विसरून येणारे चोरी झालेल्यांपेक्षा जास्त असतात, माझी मावशी त्यातली.

प्रश्न : मार्सेय आणि पॅरिस दोन्हीकडे स्टेशनवर मशिनगन घेतलेले सैनिक फिरताना पाहिले. एवढं वातावरण खराब असेल तर सरकार टुरिस्टांना सांगत का नाही? – एक वाचक, पुणे

उत्तर : सांगतं की, तेच तर ते सांगणं आहे. जानेवारी २०१५ च्या पॅरिसच्या हल्ल्यांनंतर सेंतिनेल नावाची मोहीम सुरू झाली, तेव्हापासून स्टेशनं, एअरपोर्ट, मोठी चर्च अशा ठिकाणी सैनिकांची गस्त असते. त्या दिवशी विशेष काही घडलंय असा त्याचा अर्थ नाही. विझिपिरात म्हणून त्यांची सुरक्षेची पातळी असते, तिचा लाल त्रिकोण दारांवर चिकटवलेला दिसतो. म्युझियमला बॅग उघडून दाखवायची, बेवारस बॅग दिसली तर लांब व्हायचं आणि स्वतःची बॅग कुठेही टेकवून कॉफी आणायला जायचं नाही. ती खरंच उडवून देतात, ट्रेनही तासभर थांबते.

प्रश्न : पासपोर्ट गेला तर नेमकं काय करायचं? मुलगा म्हणतो मोबाइलमध्ये फोटो आहे ना, पुरे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : आणि मोबाइलच गेला तर? पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत, एक कॉपी ईमेलला, दोन पासपोर्ट साइज फोटो पाकिटात नाही तर बॅगेच्या तळाला. गेलाच तर आधी पोलिसात जाऊन तक्रार द्या आणि त्यांच्याकडून कागद घ्या, त्या कागदाशिवाय इन्शुरन्सवाले आणि कॉन्सुलेट दोघंही पुढे सरकत नाहीत. पूर्वी दक्षिण फ्रान्समध्ये पासपोर्ट हरवला की रडत पॅरिस गाठायला लागायचं, फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्सेयलाच आपलं कॉन्सुलेट सुरू झालं, ते बरं झालं. तिथे घरी परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, त्यावर पुढची टूर करता येत नाही, सरळ भारत. शनिवार-रविवार मधे आला तर दोन दिवस जास्त राहायची तयारी ठेवा, शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या इन्शुरन्समध्ये हा खर्च बसतो का ते निघायच्या आधी वाचा, बहुतेक लोक फक्त ३०,००० युरोचा आकडा बघतात.

फोनचा आयएमईआय नंबर आजच वहीत लिहा, स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की स्क्रीनवर येतो. पोलिस तक्रारीत तो विचारतात, मला तेव्हा देता आला नव्हता. तातडीला ११२, कुठल्याही फोनवरून फुकट लागतो, पोलिसांना थेट १७.